नवलाईचा मुक्काम, वॉर्ड नंबर तीन

आंबेखोलच्या नवलाईचा गुरव भागोजी याच्याकडे माणसं काय काय घेऊन येत, त्याला सुमार नव्हता. कुणाची म्हैस पान्हा चोरायची, कुणाच्या मुलाचं विमान मस्कतला उतरेपर्यंत घरच्यांच्या घशाखाली पेज उतरायची नाही. एकदा पंचायतीच्या पंपाची मोटर जळली, तर सरपंच आधी भागोजीकडे आले आणि मग वायरमनकडे गेले. भागोजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, धीर द्यायला एखादी खरीखोटी गोष्ट सांगायचा, देवीच्या पाषाणाला तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायचा, एक उजव्या अंगाला, एक डाव्या, आणि गाऱ्हाणं घालायचा. उजवी आधी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. चाळीस वर्षांत त्याने इतके कौल लावले होते, की तो लांबून येताना दिसला तरी देवळामागची तगर भराभर कळ्या टाकून मोकळी व्हायची. खोटं वाटत असेल त्याने झाडालाच विचारावं.

तर अशा या भागोजीकडे मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी रेणुका आपल्या नवऱ्याला, म्हणजे सहदेवला, दंडाला धरून घेऊन आली.

सहदेव चिरेखाणीवर मशीन चालवणारा. जांभ्या दगडाचा चिरा तो असा कापायचा, की भिंतीतल्या दोन चिऱ्यांमधून जायचं तर मुंगीला पोट आत घ्यावं लागे. पण दोन वर्षांपूर्वी त्याची आई वारली आणि गडी दारूला लागला. पहिल्या वर्षी संध्याकाळी प्यायचा, दुसऱ्या वर्षी सकाळीही प्यायला लागला, आणि आता दोन्हींच्या मधे जागाच उरली नव्हती. ग्लास विसळलेलं पाणी तो अंगणात टाकायचा. ते पिऊन त्याचा कोंबडा दुपारी तीनला आरवायचा आणि शाळेतली अर्धी पोरं सकाळ झाली समजून उठून उभी राहायची.

"काका," रेणुका म्हणाली, "खाणवाल्यांनी काढून टाकलान कामावरनं. झोपत नाय, जेवत नाय, बोलत नाय. देवीच्या पायावर घालायला आणलंय."

"काय रे सहदेवा?" भागोजीने विचारलं. "बोल की. देवी काय खात नाय तुला."

सहदेव खाली बघत म्हणाला, "छातीवर चिरा ठेवल्यागत वाटता काका. तो प्यायल्यावर जरा हलका होता."

"मग काय करूया?"

"सोडवा मला."

एवढं कुणी तोंडाने म्हटलं की भागोजीला स्फुरण चढायचं. त्याने याआधी तिघांना दारूची शपथ घातली होती, आणि तिन्ही शपथा खाडीत बुडाल्या होत्या. म्हणजे झालं होतं असं: नवलाईचा अंमल गावच्या शिवेपर्यंत. कातळावरचा शेंदूर फासलेला धोंडा ओलांडला, की पुढे दुसऱ्या गावच्या देवाचं राज्य, तिथे नवलाई विचारायला येत नाही. तिघांनी शिवेच्या आत न पिण्याची शपथ घेतली, शिवेच्या आत ती इमानाने पाळली आणि रोज संध्याकाळी होडीत बसून पलीकडच्या गावात प्यायला जाऊ लागले. येताना इतके प्यायलेले असत, की होडीवाला त्यांना तांडेलासारखा ओरडून सांगायचा, "गाव आला रे! तोंड पुसा!"

या वेळी भागोजीने पक्का बंदोबस्त केला. देवीसमोर सहदेवच्या हातात नारळ दिला आणि वदवून घेतलं: "शिमग्याची पालखी देवळात परत बसेपर्यंत दारूचा थेंब घेणार नाही, आणि गावची शीव ओलांडणार नाही." आंबेखोलात दारू मिळत नव्हती. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. भागोजी स्वतःच्या अकलेवर असा खूश झाला, की घरी जाऊन त्याने बायकोला, सावित्रीला, ही गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "कळला हो. आता ताट घेऊ की शपथच जेवताय?"

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सहदेवचे हात कापायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला रेणुका धावत देवळात आली.

भागोजी जाऊन बघतो तर सहदेव पडवीतल्या खांबाला मिठी मारून बसलेला. अंगातून घामाच्या धारा, दात वाजतायत, डोळे समोरच्या भिंतीवर.

"काका, कुर्ल्या बघा," तो म्हणाला. "किती कुर्ल्या! वाजत गाजत चालल्यात. पुढच्या कुर्लीच्या नांग्यात झांजा हायत."

भागोजीने भिंतीकडे बघितलं. भिंतीवर खेकडा सोडाच, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरशिवाय काही नव्हतं.

एव्हाना निम्मा गाव जमला होता. गावकर धाकू हा देवीचा पहिला मानकरी. तो कमरेवर हात ठेवून निकाल देऊन मोकळा झाला. "वारा आलाय त्याच्या अंगात. शपथ मनापासून घेतलान नाय, म्हणून देवी कोपली. धूप घाला आणि कोंडून ठेवा."

"कुर्ल्यांचा वारा कधी ऐकला नाय मी," भागोजी म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीचा दम नव्हता.

तेवढ्यात उपकेंद्रातली नर्स नम्रता स्कूटी लावून आत आली. बौद्धवाडीतली ही मुलगी; अख्ख्या गावाला तिने सुया टोचलेल्या, त्यामुळे तिच्यापुढे मानकरीसुद्धा जरा बाजूला सरकून उभे राहायचे. तिने सहदेवची नाडी बघितली, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "शेवटची कधी प्यायले?"

"मंगळवारी सकाळी," रेणुका म्हणाली. "मग शपथ घेतली. तेव्हापासून थेंब नाय."

"एकदम बंद?"

"एकदम," भागोजी म्हणाला. मंगळवारी हाच शब्द त्याला अभिमानाने म्हणता आला असता.

"गुरवकाका, हे वारं नाही आणि कोपही नाही. दोन वर्षं रोज इतकी पिणाऱ्याची दारू अशी एका दिवसात तोडली, की शरीर खवळतं. कापरं भरतं, नाही ते दिसायला लागतं. यानंतर फिट येते. माणूस जातो यात." तिने फोन काढला. "इस्पितळात हलवायला हवं. आत्ता."

चाळीस वर्षं माणसं भागोजीकडे सोडवायला येत होती, आणि त्यानेच हा माणूस बांधून मरणाच्या दारात नेऊन ठेवला होता.

"चल रे सहदेवा," तो म्हणाला. "रत्नागिरीला जाऊया."

सहदेवने खांबाची मिठी आणखी आवळली. "शिवेबाहेर नाय जायचा मला."

"अरे, मी सांगतोय ना! मीच शपथ घातली, मीच सांगतोय."

"तुम्हाला दिली काय मी? देवीला दिली." त्याचे दात वाजत होते, पण शब्द स्पष्ट होते. "आईला बोललेलो, गणपतीपुळ्याला नेतो तुला. तीन वर्षं बोलत होतो. ह्या शनिवारी, पुढल्या शनिवारी. इथनं तिथं जायचा, काका, तासाभराचा रस्ता. नेलाच नाय. गेली ती. आता परत एका आईचा शब्द नाय मोडायचा मला. मेलो तरी चालंल."

रेणुका तोंडात पदर धरून उभी होती. नवऱ्याने दोन वर्षांत इतकी वाक्यं एका दमात बोललेली तिने ऐकली नव्हती.

चौघांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला. पण चिऱ्यांवर पोसलेला हात तो. खांब हलला, वरची चार कौलं खाली आली, सहदेव हलला नाही. नम्रता म्हणाली, "ओढाताण करू नका, फिट येईल. काका, तुम्हीच काहीतरी करा. तुमचंच ऐकणार तो."

"माजा नाय," भागोजी म्हणाला, "देवीचा ऐकल." आणि धोतर सावरत देवळाकडे पळाला. सत्तरीचा माणूस असा पळाला की वाटेतली कुत्री भुंकायची विसरली.

गाव मागोमाग आला. भागोजीने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा माते नवलाई, तुझ्या लेकराला शब्दात बांधला, तो माझ्या चुकीनं बांधला. त्याला त्या शब्दातून मोकळा कर गो महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव ओरडला.

डावी कळी टपकन पडली.

भागोजीने पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा लावल्या, तर डावी कळी जणू वाट बघत असल्यासारखी आधीच निसटली.

"झाला," धाकू म्हणाला. "तीनदा नाय म्हणाली. आता कुणाची छाती हाय?"

"पेशंटला वेळ नाहीये हो," दारातून नम्रता म्हणाली.

गाभाऱ्यात भागोजी एकटा. पाठ लोकांकडे, समोर पाषाण. उजवी कळी करंगळीने जराशी ढकलली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. चाळीस वर्षांत त्याने असं केलं नव्हतं, आणि आज केलं असतं तर देवीने बहुतेक डोळे मिटून घेतले असते. पण त्याला वाटलं, आपण विचारतोय काय? आपली चूक निस्तरायला देवीला शब्द मोडायला सांगतोय. तो पोरगा मरायला टेकलाय आणि मोडत नाही. ती कशाला मोडेल?

कोपऱ्यात देवीचं निशाण उभं होतं: माणसाहून उंच काठी, लाल कापड, वर चांदीचा टोप. शिमग्यात हे निशाण पालखीच्या पुढे चालतं. शेजारच्या गावच्या देवीला भेटायला पालखी शीव ओलांडून जाते, तेव्हा मानकरी त्या परक्या जमिनीवरही आंबेखोलचेच मानकरी असतात. तिथे भांडण झालं तर न्याय नवलाईचा, तिथे नारळ फुटला तर नवलाईचा. देवी उभी तिथे तिचा गाव.

भागोजीने नव्या कळ्या लावल्या. "माते, त्याचा शब्द मोडू नकोस. तूच त्याच्या संगती..."

उजवी कळी पडली. पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

धाकू नंतर वर्षभर सांगत होता, की त्याच क्षणी भागोजी शिंकला. भागोजीचं म्हणणं, तगरीने सर्दी होते, त्याला तो काय करणार?

गावातला अकबर रिक्षा घेऊन पडवीसमोर आला. निशाण बघून त्याने कपाळाला हात लावला. "काका, ही काठी माझ्या रिक्षापेक्षा लांब आहे!"

"तिरपी धर. पुढनं बाहेर काढ. निशाण पुढं गेला पाहिजे, मग चाक."

"आणि समोरनं ट्रक आला तर?"

"तर तो बाजूला होईल. देवी हाय ती, तुजा आरसा नाय."

भागोजी सहदेवपुढे उकिडवा बसला आणि निशाणाचं कापड त्याच्या मांडीवर ठेवलं. "बघ. देवी येतेय तुझ्याबरोबर. ती जिथं, तिथं आंबेखोल. तू गावाबाहेर पडतच नायस. गाव तुझ्याबरोबर रत्नागिरीला चाललाय."

सहदेवने कापड चाचपलं. "कौल घेतलात?"

"उजवा पडला."

खांबावरचे हात सुटले.

शिवेच्या धोंड्यापाशी अकबरने रिक्षा इतकी हळू केली, की आधी चांदीचा टोप गेला, मग कापड गेलं, मग पुढचं चाक, आणि मग रेणुकाच्या मांडीवर डोकं ठेवलेला सहदेव. पुढे मात्र त्याने हँडलचा असा कान पिळला की रिक्षा दोनदा जमिनीला लागायची विसरली. समोरून आलेले तीन ट्रक खरोखर बाजूला झाले. एकाने तर उतरून नमस्कार केला.

इस्पितळात नम्रताने फोन करून ठेवलाच होता. डॉक्टर अलफिया सोलकर, तिशीची, डोक्यावर ओढणी आणि गळ्यात स्टेथोस्कोप, दारातच आल्या. त्यांनी एका नजरेत पेशंट बघितला, दुसऱ्या नजरेत काठी.

"पेशंट आत घ्या. काठी बाहेर."

"काठी बाहेर तर पेशंट बाहेर, डॉक्टरीणबाय," भागोजी म्हणाला आणि एका श्वासात सगळं सांगितलं. शपथ, शीव, तीन डाव्या, एक उजवी. शिंकेचं तेवढं वगळलं.

डॉक्टर अलफिया खाडीकाठच्याच गावातल्या. त्यांनी वाद घातला नाही. "वॉर्ड नंबर तीनच्या खिडकीबाहेर व्हरांडा आहे. तिथे गजाला बांधा. पेशंटला पलंगावरून दिसेल. चालेल?"

"देवीला विचारतो," म्हणत भागोजी डोळे मिटून तिथेच गाऱ्हाणं घालू लागला. "बा माते नवलाई, आजपासून हा वॉर्ड तुझा, ही सुई तुझी, ही डॉक्टरीणबाय तुझी लेक..."

"व्हय महाराजा!" नंबर लावून बसलेल्या चाळीस माणसांनी एका आवाजात साथ दिली. इंजेक्शन भरणारा कंपाउंडरही ओरडला आणि मग चपापून इकडेतिकडे बघू लागला.

सहदेव दोन दिवस गुंगीत होता. तिसऱ्या दिवशी कुर्ल्या बँडसकट निघून गेल्या. चौथ्या दिवशी त्याने पेज मागितली. त्या दिवशी डॉक्टर भागोजीला आपल्या खोलीत घेऊन गेल्या.

"काका, ओरडू का तुम्हाला?"

"ओरडा."

"शपथ वाईट नाही. तुमच्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं माझ्या गोळीला नाही, हे मला माहितेय. पण मला न विचारता रोज पिणाऱ्याची दारू तोडायची नाही. आधी विचारायचं, किती पितो, किती वर्षं. मग माझ्याकडे पाठवायचं. आणि सहदेवला नुसती दारू नाहीये. ते छातीवरच्या चिऱ्याचं सांगतो ना, तो आजार आहे. मनाचा. दारू वरून आली. त्यालाही औषध आहे, आणि बोलायला माणूस लागतं."

"चुकला माजा," भागोजी म्हणाला. कळ्या लावता लावता चाळीस वर्षं झाली, पण हे वाक्य त्याने आतापर्यंत कुणा माणसाला म्हटलं नव्हतं.

"मग एक काम करा. दुसरी शपथ घाला. रोज गोळी घेईन आणि तारखेला येईन."

भागोजीने व्हरांड्यातच नारळ आणून ती शपथ घातली. डॉक्टरांनी साक्षीला सही करायला पेन काढलं, तेव्हा त्यांना समजावावं लागलं की इथे सही लागत नाही.

आता नवा पेच आला. निशाण राखणीशिवाय ठेवायचं नाही असा रिवाज. म्हणून गावाने पाळी लावली. रोज एक मानकरी व्हरांड्यात काठीजवळ बसे. माणूस दिवसभर दुसऱ्याच्या आजाराकडे बघत बसला की त्याला आपला आठवतो. पहिल्या दिवशी आलेल्याने जाता जाता डॉक्टरांना विचारलं, की माझ्या भावाला सारखा कुणीतरी मारणार असं वाटतं, तर त्याला आणू काय? दुसऱ्याने सांगितलं की होडीतून पलीकडे जाणाऱ्या तिघांतला एक मीच. पाचव्या दिवशी धाकू गावकर आला. सकाळभर मिशीला पीळ देत बसला, आणि डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा खाकरून म्हणाला, "एका माणसाला चार वर्षं झोप नाय. म्हणजे, हाय एक ओळखीचा."

"त्याचं नाव काय लिहू?"

धाकूने निशाणाकडे बघितलं. देवीसमोर खोटं बोलायची सोय नव्हती. "धाकू," तो म्हणाला.

पंधरा दिवसांत आंबेखोलातल्या अकरा माणसांनी केसपेपर काढले.

सहदेव घरी आला. दर दुसऱ्या मंगळवारी भागोजी, सहदेव, निशाण आणि अकबर अशी वरात रत्नागिरीला जायची. आईबद्दल सहदेव डॉक्टरांशी बोलायचा, परतीच्या वाटेवर भागोजीशी बोलायचा. माघात एकदा त्याने अकबरला रिक्षा गणपतीपुळ्याकडे वळवायला सांगितली, आईचं एक लुगडं तिथे समुद्राकाठी बसून मांडीवर घेतलं, आणि तासाभराने म्हणाला, "चला." भागोजीने त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही, हे अकबर अजून लोकांना शपथेवर सांगतो.

शिमगा आला. पालखी घरोघर नाचली, आणि देवळात परत बसली. त्याबरोबर शपथ संपली.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सहदेव देवळात आला. "काका, आज देवीला राहूंदे घरात. एकटा जातो एस्टीनं."

रत्नागिरीच्या स्टँडच्या अलीकडे पलीकडे मिळून चार दुकानं होती बाटल्यांची. पण भागोजी म्हणाला, "जा. गोळ्या संपल्यात त्या सांग."

चारची गाडी आली. सहदेव उतरला नाही. भागोजी सकाळपासून थांब्यावर येऊन बसला होता, हे त्याने रेणुकाला सांगितलं नव्हतं. पण तीही शेजारी येऊन बसली. पाचची आली. कंडक्टरने मान हलवली. सावित्रीने चहा पाठवला, तो निवून गेला. "काका," रेणुका म्हणाली, "तुम्ही काय तरी बोला हो. खोटी गोष्ट असली तरी चालंल." भागोजीला एकही आठवेना.

साडेसहाच्या गाडीतून सहदेव उतरला. पाय सरळ, पिशवीत औषधांचं पाकीट. आणि त्याच्यामागून एक अनोळखी माणूस उतरला, खांदे पडलेला, थरथरणारे हात खिशात लपवलेला.

"उशीर झाला," सहदेव म्हणाला. "हा लांज्याचा, केतन. इस्पितळाच्या फाटकापर्यंत आला आणि परत फिरत होता. आत जायची हिंमत नाय. तीन वेळा फाटकाला हात लावून मागं झाला. मी बोललो, आमच्या गुरवाला भेट आधी. चहाच्या टपरीवर दोन तास समजावला, तेव्हा कुठं गाडीत बसला."

रेणुका नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

केतन म्हणाला, "बाबा, मला शपथ घाला. आजपासून एकदम बंद."

भागोजीने त्याचा हात खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरला. "थांब, बस आधी. दर दिवशी किती पितोस? आणि किती वर्षं झाली?"

मग तो मागे वळून ओरडला, "नम्रताला फोन लावा रे कुणीतरी! आणि त्या अकबरला सांगा, रिक्षा काढ!"